नाव घातलेलं धनुष्य

तमिळ मुलखातल्या आमच्या सैदापेटमध्ये कुणाच्याही घरी पाणी मागा, पेला तोंडाला लावताना काठाखाली बारीक ठिपक्यांनी घातलेलं नाव दिसेल आणि नावाच्या शेवटी एक इवलासा मोर. तो मोर आमच्या ह्यांचा. राणोजी राव, श्री तुळजाभवानी मेटल मार्ट. लग्न असो, बारसं असो, भांडं विकत घेतलं की हे विजेची सुई हातात घ्यायचे, टर्र आवाज व्हायचा आणि देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाव तारखेसकट त्यावर उमटायचं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. नाव न घालता भांडं दुकानाबाहेर गेलं, तर पोर उपाशी शाळेत गेल्यासारखं ह्यांना वाटायचं.

आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर? दिव्याखाली अंधार. लग्न होऊन आले त्याच आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, मी माझा कॉफीचा पेला घेऊन दुकानात गेले होते. "उद्यां घालतों गे, गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, गृहपाठ न करणारी पोरं रोज बघायचे, पण हा विद्यार्थी सगळ्यांत कोडगा. वर्षानुवर्षं टोमणे मारले, ते हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

मग मालकाने इमारत पाडायला काढली. दुकान गेलं, माल दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलला आणि सुईचं यंत्र टॉवेलात गुंडाळून कपाटात गेलं. त्यासोबत ह्यांचा आवाजही गेला. बाल्कनीतली खुर्ची आणि हे, बस्स. जेवायला हाक मारली तर यायचे, भाजीत मीठ नसलं तरी चकार शब्द नाही. मी मुद्दाम एकदा मीठ घातलंच नाही, तरी मुकाट जेवले. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मला दुसरं काही नको होतं. हा माणूस पुन्हा एकदा कुणा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना ऐकायला मिळावा, एवढंच मी देवीकडे मागत होते.

देवीने उत्तर पाठवलं ते धनुष्याच्या रूपात, आणि तेही खोटं धनुष्य.

आमची मुलगी भव्या कंपनीचं काम आटोपलं की लॅपटॉपवर एक खेळ खेळत बसते. त्यात डोंगर आहेत, राक्षस आहेत, जादूगार आहेत आणि मोठा बाजारही आहे. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्यात हिंडतात, लढतात, एकमेकांना वस्तू विकतात. पैसेही खेळातलेच. भव्याला त्यात एक दुर्मिळ धनुष्य मिळालं होतं. मोरपिशी रंगाचं, चांदीच्या तारेने गुंडाळलेलं, दोन्ही टोकांना हंसाच्या माना, पाठीवर मोत्यांची वेल. एका राक्षसिणीला सणाच्या दिवसांत हरवलं तरच ते कधीतरी हाती लागतं म्हणे. भव्याच्या किंकाळीने खालच्या मजल्यावरचे पद्मनाभ धावत वर आले होते, घरात साप निघाला असं समजून.

एवढं लाडकं धनुष्य तिने विकायला काढलं, कारण तिला आणि तिच्या खेळातल्या चार मैत्रिणींना होडी घ्यायची होती. रविवारी संध्याकाळी तिथला सूर्य मावळला की तिथला समुद्र हिवाळ्यासाठी बंद होणार. त्याआधी पलीकडच्या बेटावर पोचलं नाही, तर पाचजणींची वर्षाची मेहनत वाया. गिऱ्हाईक ठरलं होतं, भाव ठरला होता, रविवारी दुपारी तो बाजारात येणार होता. आणि नेमकं त्याच दुपारी आवडी नावाच्या गावात माझ्या बहिणीच्या मुलीचं, रम्याचं वळैकाप्पु. सातव्या महिन्यातल्या बांगड्या भरायच्या समारंभाला जिवलग मावसबहीण आली नाही, तर रम्या जन्मभर ऐकवत बसली असती.

"अप्पा, तुम्हीच करायचं," भव्या रेशमी साडी सावरत म्हणाली. "ग्रेवुल्फ म्हणून एकजण येईल. डोक्यावर नाव लिहिलेलं असतं त्याच्या. तो पैसे ठेवेल, तुम्ही धनुष्य ठेवायचं, मग हा हिरवा बटन दाबायचा. तेवढंच. टायप अम्मा करेल."

"मजला कशास? तुझी अम्मा अहे न्हवे?"

"अम्मा त्याचं इंग्लिश सुधारत बसेल. पळून जाईल तो."

पोरीच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं. ती गेली आणि हे नाइलाजाने लॅपटॉपसमोर बसले, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे.

पडद्यावर भव्याचं दुकान दिसत होतं. मागे तिची बाहुली उभी, पुढे फळी, फळीवर सगळा माल एकात एक घुसलेला. कातडी, औषधाच्या बाटल्या, तुटके भाले, आणि त्या सगळ्याखाली ते धनुष्य. हे पडद्याकडे वाकले.

"दुकान अहे का अडगळ?" अखेर बोललेच. "चांगला माल वर, डोळ्यापुढे. बाटल्या खाली. इतकंही कुणी शिकवलं नाही हिला?"

लॅपटॉपचा उंदीर, म्हणजे तो माऊस, कसा हलवायचा ते ह्यांना नीट येत नव्हतं, बाटल्या दोनदा रस्त्यावर पडल्या, पण हळूहळू फळी लागली. धनुष्य मधोमध उभं राहिलं. येणारेजाणारे थांबून बघायला लागले, तसे हे खुर्चीत जरा ताठ बसले.

ग्रेवुल्फ वेळेवर आला. अंगावर लांडग्याचं कातडं, खांदे दारात मावणार नाहीत एवढे. "धनुष्य घ्यायला आलोय," त्याने लिहिलं. राम राम नाही, नमस्कार नाही.

"बसायला सांग त्याला," हे म्हणाले. "पाणी विचार."

मी टाइप केलं, कृपया बसा, पाणी घेणार का? उत्तरात नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं.

"काय म्हणतो?"

"तहान नाही म्हणतो."

ह्यांनी धनुष्य फळीवर आडवं ठेवलं. ठेवताच त्याच्या बाजूला तीन चित्रं उगवली. एक हातोडी, एक फडकं आणि एक सुई. ह्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"तुळजा, सुई अहे ही."

"असू दे. हिरवं बटण कुठे आहे बघा."

"नाव घालायची सुई अहे गे!"

त्यांनी सुई दाबली. धनुष्याच्या पोटावर एक कोरी पट्टी उघडली. बाजूला तयार अक्षरांचे छाप होते, ठोकळ्यांसारखे, त्यांच्याकडे ह्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उंदराने पट्टीवर टिचकी मारली, एक ठिपका उमटला. दुसरा. तिसरा. ज्या हाताला बाटली धड उचलता येत नव्हती, तो हात आता एकदम शहाणा झाला. "ग्रेवुल्फचं स्पेलिंग सांग," म्हणाले. मी सांगत गेले, हे ठिपक्याला ठिपका लावत गेले. खाली ग्रेवुल्फ काहीतरी लिहीत होता, पण कोण बघतंय? मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं होतं, दुकानात यायचं तसं. नाव पुरं झालं आणि शेवटी मोर आला.

मग पडद्यावर एक पाटी झळकली. मी वाचली. "नाव घातलेली वस्तू फक्त त्याच नावाच्या माणसाची. पुढे दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. चालेल?"

"अहो, आपल्या दुकानात भिंतीवर होतं तेच लिहिलंय. नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही."

"बरोबर अहे मग," म्हणून ह्यांनी होकार दाबला.

ग्रेवुल्फने पुढे जे लिहिलं त्यातले निम्मे शब्द मी वर्गात कुणी उच्चारले असते तर त्याला बाकावर उभं केलं असतं. उरलेल्या निम्म्याचा अर्थ असा की, तो व्यापारी होता. धनुष्य त्याला स्वतःला नकोच होतं, उद्या चढ्या भावाने दुसऱ्याला विकायचं होतं. आता ते कुणालाच विकता येणार नव्हतं. त्याने ठेवलेले पैसे उचलले आणि तो गर्दीत दिसेनासा झाला.

हे सगळं मला ह्यांना समजावून सांगावं लागलं. आयुष्यात मी बरेच अवघड धडे शिकवले, पण हा सगळ्यांत नकोसा. जगात एवढी माणसं हा खेळ खेळतात, पण विकायच्या आधी धनुष्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालायला सैदापेटचा भांडीवालाच पाहिजे, आणि ती पाटी बिनदिक्कत वाचून दाखवायला त्याची बायको.

हे उठले. बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसले. दुकान गेलं त्या दिवशी बसले होते तसेच. पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीची माती आपल्या हातून झाली, हे मनात धरून हा माणूस आता कशालाच हात लावणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

भव्याला फोन लावला. मागे बायका गात होत्या, बांगड्या किणकिणत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"अप्पा कुठे अहेत?"

"खुर्चीत."

"अय्यो." तिचा आवाज ओला झाला. "काही बोलू नको त्यांना, अम्मा. होडी पुढच्या वर्षी घेऊ. मी निघते, मिळेल ती ट्रेन पकडते."

एवढी गुणाची पोर, आणि तिला होडी नाही. मला समुद्राचा राग आला, सूर्याचा आला, लांडग्याचा तर फारच आला. लॅपटॉप फटकन मिटायला म्हणून आले तर दुकानापुढे ही गर्दी! चिलखतं घातलेले, पंख लावलेले, एक तर चक्क अस्वल. सगळे धनुष्याकडे बघत होते. "हे अक्षर कुणाचं?" "आमची नावं तर ठोकळ्यासारखी येतात." "तो पक्षी कसा काढला?" त्या सुईने हाताने नाव घालता येतं हे एवढ्या जणांत कुणाला सुचलंच नव्हतं. सगळ्यांनी तयार छाप वापरले होते. आणि कुऱ्हाड घेतलेली एक बाई विचारत होती, "माझ्या कुऱ्हाडीवर घालून द्याल का? पैसे देईन."

"अहो!" मी ओरडले. "गिऱ्हाईक आलंय!"

"परत पाठव."

"तुम्हीच या आणि पाठवा. दारातलं गिऱ्हाईक परत पाठवायला मला तुमच्या घरात कुणी शिकवलं नाही."

हे आले. खरंच परत पाठवायला आले होते, चेहऱ्यावर तसं दिसत होतं. पडद्याकडे वाकून बघितलं. कुऱ्हाडवाली तिथेच उभी होती. ह्यांनी सवयीने खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि म्हणाले, "विचार तिला. नाव काय घालूं?"

त्या दुपारचं काय वर्णन करू! सुईचा टिक टिक आवाज थांबला म्हणून नाही. मी शाळेतला आवाज लावून, म्हणजे सगळी मोठी अक्षरं वापरून, लिहिलं की रांग लावा, आणि अस्वलासकट सगळे रांगेत उभे राहिले. ब्राझीलच्या एका पोराला ढालीवर मैत्रिणीचं नाव पाहिजे होतं. "देणाऱ्याचंही नाव पाहिजे, तारीख पाहिजे, नाहीतर पुढे तिला कसं कळेल कोणी दिली?" ह्यांनी त्याला खडसावलं. कुणी घासाघीस केली की हे भाव तसाच ठेवायचे आणि कोसुरु म्हणून वर एक पोपट काढून द्यायचे, भाजीवाली कढीपत्ता फुकट टाकते तसा. एक सरदार आला, त्याला तलवारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपलं नाव पाहिजे होतं.

"नाव मोठं घालून माणूस मोठा होत नाही, सांग त्याला," हे म्हणाले.

मी जसंच्या तसं लिहिलं. सगळी रांग हसली. सरदार भांडला, हे भांडले, मधे मी दमले. शेवटी सरदाराने मध्यम अक्षरांवर तडजोड केली आणि पोपट दोन मागितले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

भव्या दारात उभी होती ते आम्हाला कळलंच नाही. कोपरापर्यंत बांगड्या, हातात लिंबूभाताचा डबा, पायात चपला तशाच. बापाचा आवाज तिने जिन्यातच ऐकला असावा. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

"किती जमलं?" तिने माझ्या कानात विचारलं. मी दाखवलं. चांगलं जमलं होतं, पण होडीच्या मानाने काहीच नाही. पडद्यावरचा सूर्य डोंगराला टेकत आला होता. भव्याने मान हलवली. "परवाईल्ले," म्हणाली, "असू दे."

तेवढ्यात रांगेच्या शेवटी लांडग्याचं कातडं दिसलं.

"आला परत शिव्या द्यायला," मी म्हटलं आणि बोटं सरसावून बसले.

पण त्याने लिहिलं, "धनुष्य आहे अजून?"

"तुमच्याच नावाचं आहे. दुसरं कोण नेणार?" मी लिहिलं.

मग तो हळूहळू लिहीत गेला. तो फिनलंडमध्ये ट्रक चालवत होता. ट्रक मालकाचा, आतला माल दुसऱ्याचा. या खेळातही जे हाती लागलं ते त्याने विकत टाकलं. मघापासून ट्रक बाजूला लावून तो बसला होता आणि ते अक्षर त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. "माझं नाव असलेली वस्तू माझ्याकडे एकही नाही," त्याने लिहिलं. "इतकं सावकाश माझं नाव कुणीच लिहिलं नव्हतं." आणि त्याने ठरलेले पैसे, सगळेच्या सगळे, फळीवर ठेवले.

मी वाचून दाखवलं. मग त्यांनी हंसाच्या मानेखाली, जागा होती तिथे, एक पोपट काढला आणि धनुष्य पुढे सरकवलं.

"पाणी विचार त्याला," म्हणाले.

मी विचारलं. लांडगा आमच्या फळीपुढे मांडी घालून बसला. "घेतो," त्याने लिहिलं. ह्यांनी हिरवं बटण दाबलं.

त्यानंतर भव्याने आम्हाला दोघांनाही खुर्चीवरून हुसकावलं. होडी घेतली, मैत्रिणी धावत आल्या, सूर्य अर्धा बुडाला होता आणि ही शीड सोडणार तोच हे मधे घुसले.

"थांब! नाव न घालता बाहेर काढायची नाही."

"अप्पा, समुद्र बंद होतोय! नंतर घाला!"

"नंतर म्हणजे कधीच न्हवे. सर, तिकडे सर."

आणि म्हणून त्या संध्याकाळी पाच शूर योद्ध्या, हातात तलवारी आणि जादूच्या काठ्या घेऊन, ज्या होडीतून राक्षसांच्या बेटावर गेल्या, तिच्या नाकावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, श्री तुळजाभवानी मेटल मार्ट, सैदापेट. सूर्याचा शेवटचा तुकडा बुडायच्या आत त्या पोचल्या. भव्याच्या किंकाळीने पद्मनाभ पुन्हा वर आले. ह्या वेळी त्यांना लिंबूभात मिळाला.

सोमवारी सकाळी मला जाग आली ती टर्र आवाजाने. आधी वाटलं स्वप्न. स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर टॉवेल पसरलेला, यंत्र बाहेर काढलेलं आणि हे चष्मा नाकावर घेऊन कशावर तरी फुंकर मारत होते. मला बघून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. माझा कॉफीचा पेला.

काठाखाली लिहिलं होतं, तुळजास राणोजीकडून. पुढे मोर. त्याखाली तारीख. मी डोळे चोळून पुन्हा वाचली.

"तारीख चुकलीय तुमची," मी म्हटलं. "ही आजची नाही. कितीतरी वर्षांमागची आहे."

"चुकली नाही. पेला घेऊन तूं दुकानात आलीस, तो दिवस अहे."

टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी मी सोडून दिली. मी पदराने डोळे पुसले, त्याच पेल्यात कॉफी ओतली आणि दोघांत मिळून प्यायलो. साखर घालायची राहिली होती. पहिल्या घोटालाच हे म्हणाले, "साखर कुठे अहे गे हिच्यात?"